देशकालविशेषावेश : पडद्यावरील शृंगार आणि पवनाकाठचा प्रेक्षक

चित्रपटातील अथवा दूरदर्शन मालिकेतील प्रेमकथा पाहणाऱ्या प्रेक्षकाचा विचार मराठी समीक्षेत क्वचितच झाला आहे. झाला तेथे तो प्रायः दोन टोकांनी झाला. एक तर हा प्रेक्षक भाबडा आहे, स्वप्नरंजनाच्या आहारी गेलेला आहे, असे गृहीत धरले गेले; किंवा त्याच्यावर होणाऱ्या कथित दुष्परिणामांची चिंता वाहिली गेली. दोन्ही भूमिकांत प्रेक्षकाची प्रतिक्रिया हा एक परिणाम मानला जातो. ती एक वाचनक्रिया असू शकते, हे विसरले जाते. वस्तुतः या वाचनक्रियेचे बारीक विश्लेषण करणारी परिभाषा आपल्या साहित्यशास्त्रात उपलब्ध आहे. अभिनवगुप्ताने रससूत्रावर भाष्य करताना रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली. डॉ. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’पासून (१९५८) प्रा. रा. प. कंगले यांच्या ‘रस-भावविचारा’पर्यंत (१९७३) मराठीत अभिनवगुप्ताचे विवेचन झाले, परंतु विघ्नांकडे आपण रससिद्धान्ताची तळटीप म्हणूनच पाहत आलो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पडद्यावरील शृंगाराचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा असेल, तर तो रसाच्या बाजूने न लिहिता विघ्नांच्या बाजूने लिहावा.

सातांपैकी तीन विघ्ने येथे कामाची आहेत. पहिले ‘संभावनाविरह’ : समोर जे घडते आहे ते घडू शकते, असे प्रेक्षकाला वाटतच नाही. “असं कुठं असतं का?” हा आपल्या घराघरांतील उद्गार म्हणजे या विघ्नाचे शुद्ध मराठी भाषांतर होय. दुसरे ‘देशकालविशेषावेश’ : हे दुःख माझे, हे त्याचे, हे अमक्या गावचे, अमक्या काळचे, या निश्चयातून प्रेक्षक सुटत नाही; साधारणीकरण अडते. तिसरे ‘निजसुखादिविवशीभाव’ : प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की, परक्या भावात तो शिरूच शकत नाही. अभिनवगुप्त प्रत्येक विघ्नावर उपायही सांगतो. पहिल्यासाठी लोकसामान्य वस्तूची निवड आणि लोकोत्तर कृत्यांसाठी रामादी प्रख्यात नामे; दुसऱ्यासाठी पूर्वरंग आणि नटाचे नटपण झाकणारी मुकुटादी वेषभूषा; तिसऱ्यासाठी वाद्ये, गायन, सुशोभित मंडप, विदग्ध गणिका. भारतीय चित्रपटाचा कोणताही अभ्यासक ही यादी वाचून क्षणभर थबकेल. गाणे का येते, नायकनायिका तारांकित का असतात, याची उत्तरे येथे जवळजवळ तयार आहेत.

प्रश्न असा की, हे उपाय कोणासाठी आहेत आणि ते कोणावर चालत नाहीत. या प्रश्नासाठी पवनानगर येथील प्रेक्षक मी निवडतो. ही निवड सर्वेक्षणाची नव्हे. पवनाकाठचा प्रेक्षक ही येथे एक पाहण्याची जागा आहे. मावळातील पवना नदीवर १९७२च्या सुमारास मातीचे धरण पूर्ण झाले. खोऱ्यातील शेते व वस्त्या पाण्याखाली गेल्या, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला, आणि तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर यांच्या कुशीत एक विस्तीर्ण जलाशय तयार झाला. पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला जाऊ लागले. कालांतराने जलाशयाच्या काठी तंबू आले, आणि शहरी प्रेमिकांच्या कल्पनेत या पाण्याला जागा मिळाली. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एक संपूर्ण खोरे उद्दीपनविभाव झाले. नायकनायिका हे आलंबन. चांदणे, तळे, डोंगर, धुके हे उद्दीपन. उद्दीपनाला स्वतःचे चरित्र नसते. ज्याची जमीन तळ्याखाली आहे त्याला मात्र त्या तळ्याचे चरित्र ठाऊक असते. तेव्हा असा प्रेक्षक जेव्हा तशा तळ्याकाठचे प्रेमदृश्य पाहतो, तेव्हा त्याच्या ठायी देशकालविशेषावेश होणारच. हे त्याच्या सहृदयतेतील न्यून मानावयाचे काय?

या प्रश्नाचा इतिहास पवना धरणाहून जुना आहे. प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ (१९३७) हा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला होता. कादंबरीचे शीर्षक पुन्हा वाचावे : न पटणारी, म्हणजे न रुचणारी आणि विश्वास न बसणारीही. संभावनाविरह येथे शीर्षकातच आहे. फक्त तो उलटा फिरवला आहे. घडू नये अशी गोष्ट, म्हणजे म्हाताऱ्या विधुराशी तरुण मुलीचे लग्न, ही समाजात इतकी घडत होती की तीच लोकसामान्य वस्तू झाली होती. न पटण्याजोगे घडले ते नीराचे पत्नीपण नाकारणे. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले आणि दृश्यातच उत्पन्न होणाऱ्या ध्वनींवर भर दिला. हे तंत्रवैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगितले जाते. त्याचा रसशास्त्रीय अर्थ सांगितला जात नाही. तिसऱ्या विघ्नावरील वाद्य-गायनाचा उपाय दिग्दर्शकाने हेतुतः काढून घेतला होता. ज्या प्रेक्षक स्त्रीचे स्वतःचे लग्न नीरासारखे झाले होते, तिला स्वतःच्या दुःखापासून सोडवण्याची तजवीज ‘कुंकू’ करीत नाही. शांता आपटे यांच्या नीराचे सामर्थ्य जितके अभिनयात आहे, तितकेच या नाकारलेल्या तजविजीत आहे, असे माझे मत आहे.

दोनच वर्षांनी ‘माणूस’ (१९३९) आला. पोलीस शिपाई गणपत आणि मैना यांच्या या कथेत बॉम्बे टॉकीजच्या धर्तीवरील प्रेमगीताचे विडंबन येते. मराठी चित्रपट आपल्या प्रेक्षकाला पडद्यावरील प्रेमाकडे कसे पाहावे याचा धडा देतो आहे, असे हे स्थळ होय. आणि तो धडा हसण्याचा आहे. ते हसू निव्वळ थट्टेचे नाही. गणपत-मैनेसारख्यांना झाडाखालचे गाणे परवडत नाही, हा त्यामागचा व्यवहार आहे. या धड्याची परंपरा पुढे फारशी टिकली नाही, याची कारणे व्यवसायात शोधावी लागतील. तो येथील विषय नव्हे.

मावळापुरते बोलायचे तर या भूमीला साहित्यात देशविशेष प्राप्त करून दिला तो गो. नी. दांडेकरांनी. तळेगाव दाभाडे येथे राहणाऱ्या या लेखकाने ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली. तुंग गडाच्या हवालदारीचा वारसा सांगणारा धोंडी तिचा नायक. १९६६ साली त्याच नावाचा चित्रपट आला, म्हणजे पाणी अडण्याच्या अगोदर. त्या कथेत गड आणि नदीकाठ ही पात्रांची मालमत्ता, अभिमान आणि ओझे आहे. ती कोणाच्या प्रेमाची सजावट नाही. दांडेकरांच्याच कादंबरीवरील जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) याहून गुंतागुंतीचा आहे. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी आणि राणीमाशीच्या ध्यासाने पेटलेला नाग्या यांच्या प्रेमाला ना. धों. महानोर व हृदयनाथ मंगेशकर यांच्या गाण्यांनी वेढले आहे. गाणी कथा सांगतात आणि डोंगरालाच देवत्व बहाल करतात. येथे डोंगर उद्दीपन नाही, जवळजवळ प्रतिनायक आहे. तरीही शहरी प्रेक्षकाने या चित्रपटाचा आस्वाद विनाविघ्न घेतला, कारण ठाकरांचा देश त्याचा देश नव्हता. अपरिचय हाही साधारणीकरणाचा एक स्वस्त मार्ग आहे, हे रसचर्चेत पुरेसे मांडले गेलेले नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि लवकरच पुणे परिसरातही चित्रवाणी पोहोचली. पवनेचे पाणी अडणे आणि चित्रवाणी येणे या दोन घटना अशा एकाच काळाच्या आहेत. सुशोभित मंडप गेला. प्रेमदृश्य घरात आले, सासू, सासरे, मुले यांच्यामध्ये. पूर्वरंगाचे, अंधाराचे, तिकिटाचे सारे उपाय क्षीण झाले. १९९८ साली ‘गुलाम’मधील युगुलगीताने खंडाळ्याचे नाव देशभर पोहोचवले. त्या गाण्यात खंडाळा हा आमंत्रणाचा विषय आहे. तेथे कोण राहते हा प्रश्न आमंत्रणाच्या व्याकरणात बसत नाही.

आशियाई मालिकांचा विचार येथे अपरिहार्य होतो, कारण आज आपल्याकडील तरुण प्रेक्षक शृंगाराची परिभाषा कोरियन मालिकांतूनही शिकतो आहे. २०१४ मध्ये ‘झिंदगी’ वाहिनीवरून पाकिस्तानी मालिका आल्या आणि २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर थांबल्या. तेथे देशविशेष आड आला तो राज्यसंस्थेच्या. प्रेक्षकाला ती घरे, ती नातीगोती ओळखीची वाटत होती. कोरियन मालिकांच्या बाबतीत उलट स्थिती आहे : देश अनोळखी, म्हणून प्रेम निर्विघ्न. या निर्विघ्नतेचे सर्वांत बोलके उदाहरण ‘विंटर सोनाटा’ (२००२) हे होय. तिच्यातील प्रेमदृश्यांमुळे चुनचॉनजवळचे नामी बेट प्रसिद्धीला आले. २००३पासून जपानमध्ये ती दाखवली गेली आणि तेथील मध्यमवयीन स्त्रिया मोठ्या संख्येने त्या बेटावर येऊ लागल्या. हे बेट निसर्गाने दिलेले नाही. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात, कोरिया जपानच्या अमलाखाली असताना, चॉन्गप्यॉन्ग धरणाचे पाणी चढले आणि नदीकाठच्या जमिनीचे बेट झाले. ज्या सत्तेच्या काळात ती जमीन पाण्याने वेढली गेली, त्याच देशाच्या प्रेक्षक स्त्रिया साठ वर्षांनी तेथील झाडांच्या रांगेत आपले हरवलेले तारुण्य शोधीत होत्या. त्यांच्या अश्रूंच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. किंबहुना साधारणीकरण किती पूर्ण होऊ शकते याचा हा नमुना आहे. आणि ते पूर्ण होण्यासाठी काय विसरावे लागते याचाही. पवनाकाठचा प्रेक्षक हीच मालिका पाहील तेव्हा त्यालाही बहुधा विघ्न येणार नाही. नामीचे पाणी त्याच्या दृष्टीने केवळ पाणी आहे, जसे मुंबईकराच्या दृष्टीने पवनेचे.

येथे एक आक्षेप संभवतो. विघ्नालाच मूल्य दिले तर आस्वादच अशक्य होईल, प्रत्येक प्रेक्षक आपापल्या सातबाऱ्यासह चित्रपटगृहात बसेल. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मराठीतच शंभर वर्षांपूर्वी सुचवले गेले आहे. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. केळकरांना या दुहेरीपणातून आनंदाची उपपत्ती सांगावयाची होती. तिचा विनियोग दुःखाच्या ज्ञानासाठीही करता येतो, हे त्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

तो विनियोग ‘सैराट’ने (२०१६) केला. करमाळ्याच्या परिसरात नागराज मंजुळे यांनी चित्रित केलेली आर्ची-परश्याची कथा पूर्वार्धात अभिनवगुप्ताचे सगळे उपाय सढळ हाताने वापरते. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेले संगीत म्हणजे तिसऱ्या विघ्नावरील आजवरचा सर्वांत खर्चिक उतारा म्हणावा लागेल. जात, वतन, गाव हे सारे देशविशेष प्रेक्षक त्या स्वरांत विसरतो. थिएटरांत लोक नाचले ते त्यामुळेच. शेवटी मात्र ध्वनीच काढून घेतला जातो. मूल चालत जाते, आणि त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचाही आवाज नाही. तोवर साधारण झालेले प्रेम एका क्षणात पुन्हा अमक्या जातीचे, अमक्या गावचे होते, आणि प्रेक्षक आपल्या जातीसह, आपल्या गावासह खुर्चीत उरतो. ‘कुंकू’मधील पार्श्वसंगीताचा त्याग आणि ‘सैराट’मधील ही निःशब्दता यांत एकोणऐंशी वर्षांचे अंतर आहे, कृती एकच आहे.

मावळाच्या वाट्याला असा चित्रपट अद्याप आलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला नेण्यात येणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मरण पावले. मुंबईहून आणि पुण्याहून लोणावळा-खंडाळ्याकडे येणारी जोडपी याच रस्त्याने येतात. उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची गर्दी होते. छायाचित्रांत ते फार सुंदर दिसते. त्याच्याभोवतीच्या तडकलेल्या चिखलात कोणाचा बांध कोठे होता, हे सांगू शकणारे वृद्ध अजून काठावर आहेत, आणि त्यांच्या घरांतही संध्याकाळी मालिका चालू असतात.