नाताळ साजरा करणे हा गुन्हा होता तेव्हा

२५ डिसेंबर १६५७. लंडनमधील एक्सेटर चॅपेलमध्ये नाताळचे प्रवचन झाले होते. मंडळी प्रभुभोजनासाठी वेदीकडे निघाली आणि सैनिकांनी इमारतीला वेढा घातला. जॉन ईव्हलिन नावाचा सुखवस्तू गृहस्थ त्या गर्दीत होता. वेदीपुढे जाणाऱ्यांवर सैनिकांनी बंदुका रोखल्या, विधी मात्र पुरा होऊ दिला, असे त्याने रोजनिशीत नोंदवले आहे.

ईव्हलिनला त्याच वाड्यातील एका खोलीत अडकवून ठेवण्यात आले, तरी जेवण यजमानाच्या पंक्तीला मिळाले. दुपारी सेनाधिकारी चौकशीला आले. मनाई असताना नाताळ का पाळता आणि चार्ल्स स्टुअर्टसाठी प्रार्थना का करता, हा त्यांचा सवाल. आम्ही सर्वच ख्रिस्ती राजांसाठी प्रार्थना करतो, असे उत्तर ईव्हलिनने दिले. म्हणजे आमचा शत्रू असलेल्या स्पेनच्या राजासाठीही, असा प्रतिप्रश्न आला! अखेर त्याच्या अज्ञानाची कीव करून त्याला सोडून देण्यात आले. (ईव्हलिनने आपल्या रोजनिशीचा बराच भाग जुन्या टिपणांवरून नंतर पुन्हा लिहून काढला, हे ध्यानात ठेवावे. प्रसंग खरा; संवादावर मागाहून हात फिरला असणे शक्य आहे.)

ही मनाई क्रॉमवेलने केली असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. क्रॉमवेल सत्ताधीश होण्यापूर्वीच, जून १६४७ मध्ये, पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि इतर सण अधिकृतपणे रद्द केले होते. प्युरिटन पंथीयांचा युक्तिवाद सरळ होता : बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही, त्यातल्या रूढी कॅथलिक वळणाच्या, आणि बारा दिवस चालणारे खाणेपिणे व जुगार यांत धर्माचा लवलेश नाही. नोकरचाकर आणि उमेदवार कारागिरांची सुटी बुडू नये म्हणून महिन्यातला दुसरा मंगळवार मोकळा देण्यात आला. सण काढून त्या जागी रजा ठेवली की लोक समाधानी राहतील, हा हिशेब मात्र साफ चुकला.

त्याच वर्षी कँटरबरीत नाताळच्या दिवशी बाजार भरवण्याचा हुकूम सुटला. लोकांनी दारांवर हॉलीच्या फांद्या लावल्या आणि ज्या थोड्या दुकानदारांनी दुकाने उघडली त्यांचा माल रस्त्यावर फेकला. या दंगलीच्या खटल्यातून पेटलेला असंतोष पुढच्या वर्षी केंट परगण्यातील उठावापर्यंत पोहोचला.

१६६० मध्ये राजसत्ता परत आली आणि तिच्याबरोबर नाताळही. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला नौदलाच्या कारभारात पुढे मोठा झालेला सॅम्युएल पीप्स याने आपली रोजनिशी सुरू केली होती. ती लघुलिपीत असल्याने तो मोकळेपणाने लिहीत असे. छापील रूपात ती जगापुढे आली १८२५ मध्ये. (मुंबई बेट ताब्यात द्यायला पोर्तुगीज टाळाटाळ करतात, ही कुरकुर १६६३ च्या नोंदीत सापडते. तो विषय पुढे कधीतरी.)

पीप्सचा १६६२ चा नाताळ पाहावा. सकाळी तो व्हाइटहॉलच्या राजवाड्यातील चॅपेलमध्ये गेला. बिशपने जुगार आणि अतिरेकावर टीका केली, खरा आनंद कशात हे सांगितले, आणि दरबारी मंडळी चक्क हसली. घरी पत्नी एलिझाबेथ आजारी होती. तिच्या पलंगाजवळ बसून त्याने प्लम पॉरिज आणि भाजलेली कोंबडी खाल्ली. प्लम पॉरिज म्हणजे मांसाच्या रश्शात मनुका, पावाचा चुरा आणि मसाले घालून केलेली दाट लापशी. मिन्स पाय घरी करणे तिला शक्य नव्हते, म्हणून त्याने तो बाहेरून मागवला. बारीक चिरलेले मांस, चरबी, सुकामेवा आणि लवंग-जायफळ यांचे सारण भरलेला हा पदार्थ प्युरिटन मंडळींच्या खास नावडीचा.

एवढीच नोंद. पण चॅपेलमधल्या त्या बंदुकांना तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. याच पीप्सने शाळकरी वयात पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाचे समर्थन केले होते, आणि ते कुणाला आठवेल या धास्तीचीही त्याने १६६० मध्ये नोंद केली आहे. अशा माणसाने निर्धास्तपणे मिन्स पाय मागवावा, यात मला त्या काळाच्या स्थित्यंतराचा कोणत्याही कायद्याच्या मसुद्यापेक्षा भक्कम पुरावा दिसतो.

पुढच्या नाताळांत नाट्य उरतच नाही. १६६६ मध्ये, लंडनच्या महाआगीनंतर चार महिनेही झाले नसताना, एलिझाबेथ पहाटे चारपर्यंत जागून मोलकरणींकडून मिन्स पाय करवून घेत होती. तिला झोपू देऊन पीप्स एकटाच चर्चला गेला. १६६८ मध्ये ती दिवसभर परकराला लेस लावत बसली आणि पीप्स नोकर मुलाकडून ज्युलियस सीझरचे चरित्र वाचून घेत होता. कंटाळवाणे म्हणावे असे हे दिवस. कँटरबरीच्या लोकांनी डोकी फोडून घेतली ती बहुधा असल्याच कंटाळ्याच्या हक्कासाठी.

सत्तेचा जाच संपला तरी हिवाळ्याचा जाच होताच. जानेवारी १६८४ मध्ये थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर दुकानांच्या रांगा लागल्या आणि भाड्याच्या घोडागाड्या धावू लागल्या. एका मुद्रकाने तर बर्फावर छापखानाच मांडला. थेम्सवर छापलेले आपले नाव घरी नेण्याची लोकांना भारी हौस. पासष्टीकडे झुकलेला ईव्हलिन हे सारे टिपतो, पण जत्रेत रमून जात नाही. झाडे फुटली, माणसे आणि गुरे मेली, सरपण इतके महागले की गरिबांना जगवण्यासाठी वर्गण्या काढाव्या लागल्या, हेही तो लिहितो. थंडीमुळे कोळशाचा धूर वर चढेना; रस्त्यापलीकडचे दिसत नव्हते आणि श्वास घेणे कठीण झाले होते. लंडनच्या धुरावर १६६१ मध्येच स्वतंत्र पुस्तिका लिहिणाऱ्या ईव्हलिनला त्याचे नवल वाटले नसावे.

५ फेब्रुवारीला बर्फ वितळू लागले आणि पुन्हा गोठले. त्या दिवशी ईव्हलिनची घोडागाडी लँबेथहून नदीवरूनच वेस्टमिन्स्टरला गेली. दुकाने जवळजवळ सगळी उठली होती.