वेदीवरची भाकर, ताटातली भाकर

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात परवा एका मुलाने आम्हांला विचारले, "फादर, वेदीवरच्या भाकरीत काय काय असतं?" आम्ही सांगितले, "गव्हाचं पीठ आणि पाणी. दुसरं काही नाही." तेव्हा त्याने खिशातून पावाच्या पाकिटाचा चुरगळलेला कागद काढला आणि त्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मैदा, पाणी, साखर, खमीर, वनस्पती तेल, मीठ हे सर्व आम्हांस समजले. पुढे 'परिरक्षक २८२' आणि आणखी काही आकडे आले. "मग आमच्या पावात एवढं सगळं कशाला?" असे त्याने विचारले. मुले हसली, आम्हीही हसलो. पण उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. त्या उत्तराच्या शोधात आम्ही जे वाचले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वेदीवरच्या भाकरीविषयी ख्रिस्तसभा फार काटेकोर आहे. १९८३ च्या विधिसंहितेतील ९२४ व्या कलमानुसार ही भाकर केवळ गव्हाची आणि अलीकडेच केलेली असावी, बिघडलेली नसावी. द्राक्षारसही द्राक्षाचाच आणि न नासलेला असावा. शतकानुशतके आपण वेदीवरच्या भाकरीची अशी राखण केली. ताटातल्या भाकरीची राखण मात्र प्रत्येक घरातील आईवर सोपविली. आई स्वतः दळीत होती, कांडीत होती, मसाला कुटीत होती, तोवर ती राखण बिनबोभाट होत राहिली. जाते घराबाहेर गेले आणि राखणीचे काम कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला.

आपल्या पावाचेच पाहा. पाव पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर आला. खमीर मिळेना, तेव्हा गोव्यातील पावकरांनी माडाच्या सुरेने कणीक आंबवली. रात्रभर कणीक फुगत राही आणि पहाटे भट्टी पेटे. पुण्यात ख्रिस्ती वस्ती पेशवाईतच रुजली होती. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली नाना पेठेतील चर्च उभे राहिले. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी आली आणि तिच्याबरोबर पावभट्ट्यांची भरभराट झाली. त्या पावात लागत असे ते पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि वेळ. यांतील 'वेळ' हा जिन्नस पुढे बाजाराला महाग वाटू लागला. आपल्या विषयाचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

त्याच शतकात युरोपात रसायनशास्त्राने झेप घेतली. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला डांबरापासून निघालेल्या पदार्थातून जांभळा रंग मिळाला, आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी जमाना सुरू झाला. कापडासाठी निघालेले हे रंग हलवायाच्या कढईत पोहोचायला वेळ लागला नाही. 'मेटॅनिल यलो' हा कापडाचा पिवळा रंग तूरडाळीला, हळदीला, जिलेबीला लावला जाऊ लागला. आपल्याकडे तो खाण्यात वापरण्यास मुळीच परवानगी नाही. तरीही अन्न तपासणाऱ्यांना तो आजवर सापडत आला आहे.

पण ही लबाडी उघडी पाडणारेही रसायनशास्त्रज्ञच होते, हे विसरून चालणार नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या फ्रिडरिश आकुम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० सालीच भेसळीवर ग्रंथ लिहून पाव, चहा, मिठाई यांतील विषे चव्हाट्यावर आणली होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला व १ जून १९५५ पासून तो अमलात आला. आज देशात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेपर्यंत.

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या पुण्यातच लिहिले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. आठवडाभरातच महादेवभाई देसाई तेथे निवर्तले. त्या शोकाच्या दिवसांत गांधीजी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहायला बसले आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी ते पुरे केले. 'आरोग्याची चावी' या अर्थाचे त्याचे गुजराती नाव आहे. बाहेर देश पेटलेला असताना हा माणूस गहू घरी दळावा, पीठ चाळू नये, कोंड्यातच सत्त्व असते, असे लिहीत होता. कोणाला हे क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. जो समाज आपले पीठ कोण दळतो हे विसरतो, तो आणखी पुष्कळ गोष्टी विसरतो, हे त्यांना दिसले असावे.

गांधीजींनी लुई कुन्हे आणि आडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके वाचली होती. त्याच जर्मन परंपरेत एक कॅथलिक धर्मगुरूही होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. बव्हेरियातील वोरिसहोफेन गावचे फादर सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांनी पाणी, वनस्पती, चालणे आणि साधे अन्न यांवर आधारलेली उपचारपद्धती रूढ केली. १८८६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे जलचिकित्सेवरील पुस्तक युरोपभर वाचले गेले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते व गांधीजी तेथे राहत असत. ताडीवाला रस्त्यावरच्या त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे आठवडाभर राहिले, आणि तेथील निसर्गोपचार आश्रमाचे काम त्यांनी मणिभाई देसाई यांच्या हाती दिले.

एकट्याने पथ्य पाळणे निराळे आणि बाजाराला जाब विचारणे निराळे. हे दुसरे काम किती चिवट असते, याचा दाखला म्हणजे वनस्पती तूप. १९३७ साली डालडा बाजारात आला. स्वस्त म्हणून तो घरोघर गेलाच, पण साजूक तुपात लपूनही गेला. त्याला रंग द्यावा, म्हणजे लबाडी ओळखू येईल, अशी मागणी बरीच वर्षे झाली. अखेर निराळाच उपाय योजण्यात आला. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाची ओळख एका सोप्या रासायनिक परीक्षेने पटते. मिश्रण लाल होते आणि तुपातली भेसळ बोलू लागते. पुढे कळले की, तेल गोठवण्याच्या या प्रक्रियेत तयार होणारी 'ट्रान्स' चरबी हृदयाला घातक आहे. तिचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. डालडा आल्यापासून या नियमापर्यंत पंचाऐंशी वर्षे गेली!

ग्राहकाने संघटित व्हावे हा विचारही पुण्यातच मूळ धरून वाढला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी येथे ग्राहक पंचायतीची स्थापना केली. टंचाईचे, काळ्या बाजाराचे ते दिवस होते. ग्राहक हा बाजारातला भिकारी नव्हे, तर त्याचे काही हक्क आहेत, ही गोष्ट त्या काळी नवी होती. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. आमच्या विद्यार्थ्याच्या हातात जो चुरगळलेला कागद होता, त्यावरची अक्षरे कोणी आपण होऊन छापलेली नाहीत. ती मागून, भांडून मिळालेली आहेत. ती न वाचणे म्हणजे मिळालेले दान परत करणे होय.

आता पुन्हा पावाकडे येऊ. ताजे दळलेले पीठ काही आठवडे मुरले की हवेतील प्राणवायूने त्याची कणीक चिवट होते आणि पाव चांगला फुगतो. पोटॅशियम ब्रोमेट हे काम फार लवकर करते, म्हणून कारखान्यांना ते आवडले. वेळ वाचला! परंतु त्याने प्राण्यांत कर्करोग होतो असे आढळले, आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवासही तो संभवतो असे नमूद केले. इंग्लंडने तर १९९० मध्येच त्यावर बंदी घातली होती. आपल्याकडे मे २०१६ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेने तेथील बाजारातले पाव तपासून अहवाल प्रसिद्ध केला आणि जून २०१६ मध्ये पोटॅशियम ब्रोमेटला दिलेली परवानगी रद्द झाली. कोणीतरी पाव तपासला, म्हणून हे घडले.

न्हाणीघराची कथा निराळी नाही. शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ, दिवाळीचे उटणे यांची जागा बाटल्यांनी आणि पुड्यांनी घेतली. बाटलीतले सारेच वाईट असे नाही. पण पुष्कळसे अनावश्यक आहे. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांतील ट्रायक्लोसान आणि अन्य अठरा द्रव्यांवर अमेरिकेत २०१६ साली बंदी आली. साध्या साबणापेक्षा ती अधिक गुणकारी आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे साधा साबण आणि पाणी हेच पुरेसे होते.

तथापि येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 'रसायन' या शब्दाला घाबरण्याची आज एक लाट आहे. आयुर्वेदात रसायन म्हणजे शरीराला नवे बळ देणारे औषध. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. मिठातले आयोडीन आपण पोटॅशियम आयोडेट या रसायनाच्या रूपाने घेतो, आणि गलगंडापासून वाचतो. पावातले 'परिरक्षक २८२' हे कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशी रोखण्यासाठी असते व ते परवानगीचे आहे. उलट १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातून साठाहून अधिक माणसांचा बळी घेणारे विष कोणत्याही कारखान्यात झाले नव्हते. ते पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल होते, अगदी 'नैसर्गिक'! तेव्हा आपले भांडण रसायनाशी नाही. ते लपवण्याशी आहे आणि नको ते उगाच घालण्याशी आहे.

आम्ही स्वतःही या बाबतीत निर्दोष नाही, हे कबूल केले पाहिजे. धर्मग्रामाच्या सणाला मुलांसाठी भडक नारिंगी सरबत आणि हिरव्यागार मिठाया आम्हीच कितीदा मागविल्या आहेत. त्यात कोणता रंग आहे, हे एकदाही विचारले नाही. वेदीवरची भाकर जपणाऱ्या हातांनी अंगणातल्या मुलांच्या पेल्याकडे पाहिले नाही. यंदा आमच्या भगिनी मंडळाने आमसुलाचे आणि लिंबाचे सरबत करायचे ठरविले आहे. नाताळच्या फराळातही हळद, केशर, बीट एवढेच रंग राहतील. हळद कशी तपासावी तेही त्यांनी मुलांना दाखविले: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी, चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिका पिवळा रंग येतो, रंगविलेल्या हळदीचे पाणी गडद पिवळे होते.

प्रत्येक घराला जाते परत आणता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पाकीट उलटून वाचणे, ज्याची यादी लहान ते घेणे, अतिभडक रंग आणि अतिउग्र वास टाळणे, दुकानदाराला न लाजता विचारणे, एवढे मात्र जमण्यासारखे आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. जी मागून घेतली, तिच्यात काय आहे हे पाहणे हा अविश्वास नव्हे. ती कृतज्ञताच होय.

तो चुरगळलेला कागद आम्ही सॅक्रिस्टीच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवला आहे. पवित्र भाकरीचा डबा काढताना तो रोज दिसतो.