बढती नाकारलेल्यांचा इतिहास

बढती ही गोष्ट ज्यांना मिळत नाही त्यांना फार आवडते. ज्यांना मिळते ते आधी नकाशा काढतात. बँकेत तरी असंच आहे. क्लार्कचा ऑफिसर झाला की पगारात थोडी भर पडते, खुर्चीला हात येतात आणि बदलीच्या हुकमावर असं एखादं गाव येतं, की ते शोधायला रेल्वेचं टाइमटेबल पुरत नाही, पुराणं काढावी लागतात. म्हणून आमच्यातले पुष्कळ लोक बढतीचा अर्जच करत नाहीत. मीही करत नाही. सिन्नरच्या पुढे परमुलूख सुरू होतो, अशी आमच्या घरात भूगोलाची पिढीजात समजूत आहे.

मेव्हण्यांना मात्र हे पटत नाही. “हातात आलेली बढती कधी कुणी सोडतं का?” असं ते दर दिवाळीला विचारतात. मेव्हण्यांशी बोलताना इतिहासाचा आधार असलेला बरा. तो मला मिळाला गोव्यात, आणि तोही फुटबॉलमध्ये. नाशिककराचा फुटबॉलशी काय संबंध, असं कुणी विचारील. पण आमच्या गावात गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाचे सामने होतात. तेव्हा कुठं कोणता खेळ असावा याबाबत आम्ही फारसे कडक नाही.

हा इतिहास मला पुरवला आमच्या शाखेतल्या एका ऑफिसर साहेबांनी. हे साहेब मूळचे फोंड्याकडचे. त्यांनी बढती घेतली, म्हणून ते नाशिकला आहेत. इथली मिसळ खाताना ते ज्या चेहऱ्याने माशाची आठवण काढतात, तो पाहिला की माझा निश्चय आणखी पक्का होतो. मात्र डेंपो क्लबचा विषय निघाला की हाच माणूस उजळतो.

डेंपो म्हणजे गोव्यातलं खाणी-जहाजांचं घराणं. ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिकही त्यांचंच. त्यांच्या फुटबॉल क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद एकदा नाही, पाच वेळा मिळवलं : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. शेवटच्या वर्षी रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूने एका हंगामात ३२ गोल केले. आमच्या शाखेत वर्षाला एवढी कर्जंसुद्धा वेळेवर मंजूर होत नाहीत.

आता फुटबॉलच्या लीगची रीत अशी, की वरच्या वर्गात जो तळाला राहील तो खालच्या वर्गात जातो आणि खालच्यातला पहिला वर येतो. शाळेसारखंच, फक्त इथं नापास झाल्यावर पालकांना मुख्याध्यापकांकडे जाऊन रडता येत नाही. २०१४-१५ साली आय-लीगमध्ये अकरा संघ होते. डेंपोचा नंबर दहावा. अकरावा नंबर पुण्याच्या भारत एफसीचा. मग खाली कोण गेलं? डेंपो! कारण पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या नव्या क्लबांना पहिली काही वर्षं नापास होण्यापासून सूट होती. पुढल्या वर्षी तळाला राहिला डीएसके शिवाजीयन्स. हाही पुण्याचा, हाही सूटवाला. त्याच्यामुळे खाली गेलं त्याच्या वरच्या पायरीवरचं मिझोरमचं आयझॉल. शेवटचा नंबर काढूनही नापास न होण्याची ही सोय पुण्याने लागोपाठ दोन वर्षं वापरली. यावर नाशिकच्या माणसाने अधिक काही बोलू नये.

तर पाच वेळचे विजेते २०१५-१६ च्या हंगामात दुसऱ्या वर्गात बसले. हे म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरांनी पुन्हा सातवीच्या परीक्षेला बसण्यासारखं. बसले, मुकाट्याने खेळले आणि पहिले आले. पुन्हा वर जायचा हक्क मिळाला. फोंड्याच्या आमच्या साहेबांनी शाखेत पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत बातमी आली. मे २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग हा यापुढे वरचा मजला. आय-लीगचं नाव ‘लीग वन’, आणि ती खालच्या मजल्यावर. दोन मजल्यांमध्ये जिना? तूर्त नाही. वर राहायचं तर मैदानावर जिंकून भागणार नव्हतं, जागा विकत घ्यायला हवी होती. म्हणजे डेंपोने वर्षभर घाम गाळून जी बढती कमावली, ती घेऊन ज्या खुर्चीवर जायचं, ती खुर्चीच महासंघ उचलून खाली ठेवणार होता.

साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे गोव्याचे दोन क्लब आधी बाहेर पडले, आणि डेंपोनेही बढती नाकारली. गंमत म्हणजे त्या सुपर लीगमध्ये गोव्याचा जो संघ २०१४ साली उभा राहिला, त्याच्या मालकांत डेंपो आणि साळगावकर ही दोन्ही नावं होती. एकाच घरातला एक भाऊ वरच्या मजल्यावर आणि दुसरा जिन्याखाली, असा तो प्रकार.

फ्रान्समध्ये याच्या उलट घडलं होतं. तिथं लुझनाक नावाचं पिरेनीज डोंगरातलं एक खेडं आहे, वस्ती सहाशेच्या आसपास. त्याच्या क्लबाने २०१४ साली मैदानावर जिंकून व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या वर्गात जागा मिळवली. पण तिथं क्लबांची खातेवही तपासणारं एक मंडळ असतं. त्याने हिशेबावर बोट ठेवलं, मग लीगने स्टेडियमवर, आणि बढती अडली ती अडलीच. अकरा खेळाडूंनी जिंकलेलं ऑडिटरने घालवलं! बी. कॉम. माणसाला फुटबॉलमध्ये अभिमान वाटावा असा हा एकच प्रसंग, आणि त्यातही आपली बाजू खलनायकाची.

आता गोव्याच्या रिकाम्या खुर्च्यांचं काय झालं ते ऐका. नापास झालेल्या आयझॉलला परत बोलावलं. त्यांनी प्रशिक्षक घेतला खालिद जमील, ज्यांना मुंबई एफसीने नुकताच निरोप दिला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी साधून आयझॉल भारताचं विजेतं झालं. मुंबई एफसी त्या वर्षी तळाला गेली. दुसऱ्या वर्गात डेंपोच्या मागे राहिलेली पंजाबची मिनर्व्हाही त्याच २०१६-१७ मध्ये वर आली होती. ती २०१७-१८ ची विजेती. त्याच वर्षी आलेली चेन्नई सिटी २०१८-१९ ची विजेती. लागोपाठ तीन वर्षं विजेतेपद त्यांनाच मिळालं, ज्यांना २०१६ साली आत यायला जागा मिळाली होती. आणि ते खालिद जमील २०२५ साली भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

आणि डेंपो? ते गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले. २०२२-२३ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसरा वर्ग झाली आणि दोन मजल्यांमध्ये अखेर जिना बसला. डेंपो पुन्हा परीक्षेला बसले, या खेपेला तिसऱ्या वर्गातून. २०२३-२४ मध्ये दुसरे आले आणि वर चढले. कुठं? तर आय-लीगमध्ये! जी खुर्ची खाली गेली म्हणून नाकारली, तिच्याचपर्यंत पोचायला आठ वर्षं लागली. पुढे जुलै २०२५ मध्ये व्यापारी कराराची मुदत संपत आल्यामुळे वरच्या सुपर लीगचाच हंगाम लांबणीवर पडला. खालचे जिना शोधत होते आणि वरचे मजल्याचा भाडेकरार.

एवढा इतिहास हाती आल्यावर मी मेव्हण्यांची वाट पाहत बसलो होतो. पण एक दिवस चहा पिताना साहेब म्हणाले, “क्लबाचं ठीक आहे हो. क्लब आठ वर्षं थांबू शकतो. दुसऱ्या वर्गात घाम गाळलेला बावीस वर्षांचा पोर होता ना, तो आठ वर्षांत तिशीचा झाला.” मी हिशेब केला. बरोबर होता. बावीस अधिक आठ, तीसच. मला बढती साठाव्या वर्षापर्यंत दरवर्षी नाकारता येते. त्या पोराला एकदाच मिळाली होती, आणि ती नाकारताना त्याची सही कुणी घेतली नव्हती.

तेव्हा मेव्हण्यांना मी हा इतिहास २०१६ पर्यंतच सांगतो.