नाना कंठ, एक स्तुति

महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं देवमंदिराची इमारत, तिची घंटा, आजवरचे धर्मगुरु व दाते ह्यांचा वृत्तांत ह्या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. परंतु ज्या गोष्टीवांचून आपला कोणताही सण पुरा होत नाहीं, आणि जिचा दगडांत कोरलेला पुरावा मागें राहत नाहीं, त्या आपल्या गायनाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. महोत्सवाच्या मिस्सेस कोणत्या भाषेंत गावें, ह्यावरून आपल्या धर्मग्रामांत गेले कांहीं महिने जी चर्चा चालली आहे ती वाचकांस ठाऊक आहे. कोणी कोंकणी म्हणतो, कोणी मराठी, तरुण मंडळी इंग्रजी म्हणते, आणि एकदोन वृद्ध हळूच लॅटिनचें नांव काढतात. गोष्ट विकोपास गेली नाहीं ही देवाची कृपा. तथापि निकाल करण्यापूर्वीं आपले पूर्वज काय करीत आले, हें पाहणें सर्वांच्या हिताचें आहे.

शेवटच्या भोजनानंतर प्रभु येशू शिष्यांसह स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, असें मत्तय व मार्क ह्या दोघांनींही नमूद केलें आहे. म्हणजे आपला पहिला गायनवृंद त्या माडीवरच जमला होता. पुढें संत पौल कलस्सैकरांस व इफिसकरांस लिहितांना एकाच प्रकारच्या गाण्याची आज्ञा करीत नाहीं. स्तोत्रें, गीतें व आध्यात्मिक गायनें अशीं तीन नांवें तो घेतो. सिरियांतील संत एफ्रेम, जे ३७३ सालीं निवर्तले, ह्यांनीं स्त्रियांचे गायनवृंद तयार केले, व लोकांच्या तोंडीं बसलेल्या चालींवर सत्य धर्माची शिकवण गुंफली. ३८६ सालीं मिलान नगरांत राजमाता जुस्तिना हिनें एरियसच्या पंथाकरितां देवमंदिर मागितलें, तेव्हां संत अँब्रोज व त्यांचे लोक मंदिर न सोडतां आंत जागत बसले. लोकांनीं खचूं नये म्हणून अँब्रोजनीं त्यांस पूर्वेकडील रीतीनें स्तोत्रें गावयास लाविलें. ही हकीकत संत ऑगस्टिननीं आपल्या आत्मकथनांत सांगितली आहे. वृंदगायनानें भ्यालेल्या माणसांस धीर दिला, हा त्याचा पहिला मोठा पराक्रम होय.

एक पक्ष गातो व दुसरा उत्तर देतो, ही पूर्वेकडील रीति आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील भजनांत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक जण चरण उचलतो व इतर ध्रुपद धरतात. भाषा निराळी, देश निराळा. परंतु अनेकांनीं मिळून एक शब्द उच्चारावयाचा तर माणसाला हीच युक्ति सुचते.

आपल्या बाजूस वृंदगायनाचें बीज प्रथम गोव्यांत रुजलें. सोळाव्या शतकापासून तेथील धर्मग्रामांस जोडून शाळा निघाल्या. अक्षरओळख व धर्मशिक्षण ह्यांबरोबर मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शिकविणारा मेस्त, त्याच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या गायक तयार झाले. उपवासकाळांत गोव्याच्या गांवोगांवीं आजही जीं मोतेत गाइलीं जातात, तीं त्या शाळांचीं फळें होत. त्याच काळीं, १५७९ सालीं, इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. आपल्या पूर्वजांच्या तोंडचीं पुराणें सुटलीं, त्यांच्या जागीं गावयास कांहीं तरी द्या, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी होती. ती फादरांनीं ओवीछंदांत पुरविली. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. १९०७ सालीं मंगळूरास सालढाना ह्यांनीं त्याची आवृत्ति काढली, आणि १९५६ सालीं पुण्याच्या शांताराम बंडेलू ह्यांनीं तो देवनागरींत वाचकांपुढें ठेविला. देवमंदिरांत मराठी गाणें ही अलीकडची टूम आहे, असें जे समजतात त्यांनीं १६१६ हें साल लक्षांत ठेवावें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. कोंकणपट्टीच्या चौल-कोर्लईकडे पोर्तुगीज अमलापासून ख्रिस्ती वस्ती आहे. तशी ह्या घाटाखालच्या भागांत नव्हती. येथें आगगाडीनें माणसें आणिलीं. पळसदरीहून खोपोलीस १८५६ सालीं रूळ पोंचले, व १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. १९०७ सालीं नेरळ-माथेरानची लहान गाडी सुरू झाली, व १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें वीजगृह चालूं झालें. पुढें कारखाने आले. गाडीच्या, विजेच्या व कारखान्याच्या नोकरीनिमित्त गोव्याचीं, वसईचीं, साष्टीचीं, मंगळूरचीं कुटुंबें येथें उतरलीं. डोंगरपाड्यांतील बांधव आधींपासून होतेच. प्रत्येकानें पेटींत कपड्यांबरोबर आपापलीं गाणींही आणिलीं. आजचा आपला वाद हा त्या पेट्यांतून निघालेला आहे. तो दारिद्र्याचा वाद नसून संपत्तीच्या वांटणीचा आहे, हें ध्यानांत घ्यावें.

ह्या विषयीं ख्रिस्तसभेनें काय ठरविलें आहे? परमगुरुस्वामी दहावे पायस ह्यांनीं १९०३ सालीं, २२ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे गायकांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीतावर आज्ञापत्र काढलें. नाटकगृहांतल्या ढंगाचें गाणें त्यांनीं मंदिराबाहेर काढलें, आणि ग्रेगरियन गायनास पहिला मान दिला. मात्र त्याच पत्रानें स्त्रियांस गायनवृंदांतून वगळलें होतें. तें बंधन पुढें सुटलें, हें आज आपल्या वृंदांतील बहुसंख्य भगिनींकडे पाहून कोणासही कळेल. नंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: पवित्र संगीताचें जुनें भांडार जपावें, गायनवृंदांस उत्तेजन द्यावें, व ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला उपासनेंत योग्य स्थान द्यावें. तिन्हींपैकीं एक उचलून दोन टाकण्याची मुभा कोणासही दिलेली नाहीं. एका वर्षानें, १९६४ च्या अखेरीस, मुंबईंत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली व परमगुरुस्वामी सहावे पॉल स्वतः आले. त्या सुमारास भारतीय रागांतील भक्तिगीतांस मोठी चालना मिळाली. जॉर्ज प्रॉक्श ह्या धर्मगुरूंनीं त्या कामीं आयुष्य वेंचलें.

मंदिराबाहेरही वृंदगायनानें आपल्या प्रांतांत मोठी मजल मारली आहे. १९५६ सालीं व्हिक्टर परंज्योति ह्यांनीं मुंबईंत स्वतःच्या नांवाचा गायनवृंद स्थापिला. १९६७ सालीं त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया ह्यांनीं तो पुढें अनेक दशकें चालविला. युरोपच्या महान रचनांबरोबर हा वृंद भारतीय सुरावटींवर बेतलेल्या रचनाही गात असे. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही त्यांपैकीं प्रसिद्ध होय. अल्फ्रेड डिसोझा ह्यांच्या स्टॉप-गॅप्स वृंदानें मुंबईंत नाताळापूर्वीं अनेक गायनवृंदांस एका रंगमंचावर आणण्याची प्रथा पाडली. महाविद्यालयांच्या युवक महोत्सवांत तर भारतीय समूहगीत व पाश्चात्य समूहगीत असे दोन स्वतंत्र विभागच असतात. तेथें विद्यापीठांचा नियम असा कीं, गायक सहांहून अधिक नसावेत, वेळ दहा मिनिटांची, आणि सिनेमाचीं गाणीं वर्ज्य. कर्जत व खोपोली येथील महाविद्यालयें मुंबई विद्यापीठास जोडलेलीं असल्यामुळें आपल्या मुलामुलींसही हें दार उघडें आहे. सहा जणांचा वृंद उभा करणें कोणत्याही धर्मग्रामास अशक्य नाहीं, हाही बोध त्या नियमांतून घेतां येईल.

अशा महोत्सवांत एकाच व्यासपीठावर लॅटिन मोतेत, कोंकणी मांडो, मराठी अभंग व आफ्रिकेचें गीत एकापाठोपाठ ऐकूं येतें. ऐकणारास तें सोपें वाटतें. गाणारास तसें नसतें. पाश्चात्य वृंदांत सोप्रानो, आल्तो, तेनोर व बास असे चार आवाज एकाच वेळीं निरनिराळे स्वर धरतात. आपल्या गाण्यांत सर्वांनीं एकच सुरावट धरावयाची. दोन्हींचा मेळ घालतांना अडचण कोठें येते, तें भूप रागावरून समजेल. भूपांत सा, रे, ग, प, ध एवढेच पांच स्वर. मध्यम व निषाद नाहींत. पाश्चात्य स्वरसंगतींत पंचमावरील संगतीला प, नी, रे लागतात, व मध्यमावरील संगतीला म, ध, सा. म्हणजे नित्य लागणाऱ्या तीन मुख्य संगतींपैकीं दोन भूप मोडल्यावांचून उभ्याच राहत नाहींत. म्हणून शहाणा मेस्त अशा गीतावर चार आवाजांचें ओझें लादीत नाहीं. खालच्या आवाजांस तानपुऱ्याप्रमाणें षड्ज-पंचम धरावयास लावतो, वरच्यांस सुरावट देतो, किंवा एकीकडून चरण व दुसरीकडून उत्तर अशी योजना करतो. प्रत्येक गीताची प्रकृति ओळखून गावें, एकाचा अंगरखा दुसऱ्यास घालूं नये, हा विविध गायनाचा पहिला नियम होय.

आता आमच्या मनांतील खरी चिंता सांगतों. लॅटिन गायनास जगभर छापील पुस्तकें आहेत, ख्रिस्तपुराणही वांचलें. परंतु ह्या दोन तालुक्यांचें स्वतःचें गाणें कोणी लिहून ठेवलें आहे? रायगड व ठाण्याकडील आगरी लग्नांत धवलारीण जे धवळे गाते, त्याच नांवाचीं विवाहगीतें तेराव्या शतकांत महदंबेनें रचलीं. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे. ईस्ट इंडियन लग्नांतील उंबराच्या पाण्याचीं गाणीं आज किती मुलींस येतात? ठाकर समाजाचा ढोल व समूहगान ‘जैत रे जैत’ ह्या १९७७ च्या चित्रपटामुळें महाराष्ट्रभर पोंचलें. मूळ गाणारे मात्र पाड्यांवरच राहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गेलेल्या माणसांची नोंद सरकारदफ्तरीं झाली. त्यांच्याबरोबर जीं गाणीं गेलीं असतील त्यांची नोंद कोठेंही होऊं शकली नाहीं, कारण तीं कंठांतच होतीं. आपल्या मंदिरांतील वृद्ध मातांच्या बाबतींतही हेंच घडत आहे, फक्त हळूहळू.

दुसरी चिंता स्पर्धेविषयीं आहे. तरुणांनीं महोत्सवांत जावें, ढाल जिंकावी. आम्हांस त्याचा आनंदच आहे. तालीम, वेळेचें भान, दुसऱ्याचा आवाज ऐकून आपला आंवरणें, हे गुण तेथें अंगीं बाणतात. परंतु स्पर्धेंत परीक्षक समोर बसतात, व मिस्सेंत वेदी समोर असते. जें गीत परीक्षकांस चकित करतें तें प्रार्थना करणाऱ्या माणसास गप्प बसवितें, असें पुष्कळदां घडतें. संत ऑगस्टिनसारख्यानेंही कबूल केलें कीं, गायिलेल्या शब्दांपेक्षां गाण्यानेंच आपलें मन अधिक हललें तर आपण चुकलों असें त्यास वाटे. तरीही देवमंदिरांतील गायन बंद करावें असें त्यानें म्हटलें नाहीं. आम्हींही तोच मध्यम मार्ग धरतों. मोठ्या कसरतीचीं गीतें मिस्सेच्या आधीं वा नंतर गावीं. मिस्सेंत मात्र सर्व लोकांस एक तरी ध्रुपद उचलतां यावें.

तेव्हां भाषेच्या वादाचा आमचा निकाल असा. महोत्सवाच्या मिस्सेंत प्रवेशगीत मराठीत व्हावें, कारण ती ह्या भूमीची भाषा आहे व डोंगरपाड्यांतील बांधवांस तीच कळते. अर्पणाच्या वेळीं कोंकणी, पवित्र भोजनाच्या वेळीं इंग्रजी, व ‘सांक्तुस’ लॅटिनमध्यें, म्हणजे वृद्धांस आपलें बाळपण आठवेल आणि बाळांस आपण जगव्यापी सभेचे आहों हें कळेल. सायंकाळच्या कार्यक्रमांत धवळे, उंबराच्या पाण्याचीं गीतें व ठाकरांचा ढोल ह्यांस मान द्यावा. आणि प्रत्येक गटानें दुसऱ्याचें एक तरी गीत शिकून गावें. केवळ आपापलें गाऊन खालीं बसूं नये. शेजाऱ्याचें गाणें तोंडीं आलें कीं शेजाऱ्याविषयींचें किल्मिष आपोआप कमी होतें.

शिवाय ज्यांच्या घरीं जुनीं गाण्यांचीं वह्यापुस्तकें असतील त्यांनीं तीं दाखविण्यास आणावीं. तरुणांनीं आपल्या आजींजवळ बसून गाणीं उतरून घ्यावीं व मोबाइलवर चालीही भरून ठेवाव्या. महाविद्यालयांतील विद्यार्थी ह्या कामीं पुढें होतील, अशी आम्हांस खातरी आहे. पुढील महोत्सवाच्या वेळीं आपणांपैकीं पुष्कळ जण येथें नसूं; परंतु वह्या असल्या, तर गाणें असेल.

ज्या प्रभूनें आपल्या शिष्यांबरोबर गाऊन वधस्तंभाची वाट धरली, तो आपल्या ह्या लहान कळपाचे नाना कंठ एक करो, आणि आपली स्तुति स्वीकारो. आमेन.