आज्ञापत्रातला फणस आणि 64 चा कायदा

बांधावरचा साग नाहीतर फणस विकायचा म्हटलं की आपल्या मलकापूर भागात पहिला प्रश्न येतो, "विनापरवाना तोडलं तर दंड किती?" आज जरा मागं जाऊन बघू, हा दंड आला कुठून.

1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी आज्ञापत्र लिहिलं. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे आपल्याच डोंगरपट्ट्यातला माणूस. आरमाराच्या प्रकरणात त्यांनी लाकडाचं लिहिलंय. जहाजाला साग-शिसव लागतं, ते राज्यातल्या रानातनं हुकूम घेऊन तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू द्यायचा नाही. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असलं तर धन्याला राजी करून, पैसे मोजून न्यावं. जबरदस्ती नाही. म्हणजे धाक कुणाला? सरकारी माणसाला.

इंग्रजांनी हे उलटं केलं. 1865, 1878 आणि मग 1927 चा वन कायदा. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा इथंही आला. त्याचं कलम 69 प्रत्येक झाडवाल्यानं वाचावं. लाकूड कुणाचं असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच धरायचं! आजोबानं लावलेला साग का असेना, पुरावा तुम्ही द्यायचा. सातबारा आणि वाहतूक पास हाच तो पुरावा.

वाहतुकीचा नियम मोडला तर मूळ कायद्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री, म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत नेलं तर दुप्पट शिक्षेची सोय. पण खरा मार दंडाचा नाही, गाडीचा आहे. महाराष्ट्रानं जोडलेल्या कलम 61-अ खाली वन अधिकारी वाहनच सरकारजमा करू शकतो. "मला ठाऊक नव्हतं" एवढं सांगून गाडी सुटत नाही, काळजी घेतली होती हेही दाखवावं लागतं.

मालकी रानातल्या तोडीसाठी 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम. त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आहेत, आणि अमात्यांचे आंबा-फणसही आहेत. झाडं तीच, पण आता परवानगी धन्यानं मागायची. दंड 1000 रुपयांपर्यंत, शिवाय माल जप्त. 2024 च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं तो 50 हजार करायचं ठरवलं, तेव्हा गावोगाव चर्चा झाली. माझं मत विचाराल तर एवढ्या दंडाच्या भीतीनं चोरटा व्यापारी थांबेल न थांबेल, पण शेतकरी बांधावर आपोआप उगवलेलं फणसाचं रोप आधी उपटेल. जे झाड लावलं नाही त्याला परवाना लागत नाही.

उभं झाड घेणारा व्यापारी म्हणतो, "कागदाचं आम्ही बघतो." बघू दे, पण अर्ज तुमच्या नावानं, तुमच्या गटाचा झालाय ना हे स्वतः बघा, आणि पास हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका. वाऱ्यानं पडलेलं, वाळलेलं, रोगट झाड असलं तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. अशा झाडाची परवानगी नाकारू नये असं त्याच 64 च्या कायद्यात आहे.