खेळायला सुरुवात करण्याआधीच योद्धा की जादूगार ठरवायचं? आरपीजी गेममधल्या ‘क्लास’चा वाद काय आहे?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? विषयांची धड ओळखही झालेली नसताना पुढची वाट ठरवून टाकायची असते. रोल प्लेइंग गेम म्हणजेच आरपीजी खेळणाऱ्यांवर असाच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. नवा गेम उघडला, पात्राला नाव दिलं, चेहरा-केस ठरवले की पुढची स्क्रीन विचारते, योद्धा, जादूगार की चोर? तोवर एकही तलवार हातात घेतलेली नसते आणि एकही मंत्र टाकून पाहिलेला नसतो. तरी उत्तर द्यावंच लागतं, आणि काही गेममध्ये ते पुढचे पन्नास-शंभर तास बदलता येत नाही.

गेमच्या भाषेत याला ‘क्लास’ म्हणतात. (शिकवणीच्या क्लासशी याचा काही संबंध नाही.) क्लास म्हणजे पात्राचा पेशा. कोणती शस्त्रं वापरता येणार, कोणतं चिलखत चालणार, लेव्हल वाढल्यावर कोणती नवी ताकद मिळणार, हे सगळं त्यावर ठरतं. असे क्लास पक्के असावेत की खेळाडूला हवं ते शिकायची मोकळीक द्यावी, हा वाद व्हिडिओ गेमच्याही आधीचा आहे.

हे क्लास आले कुठून?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात फक्त तीन क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. लढवय्याला कोणतंही शस्त्र चालायचं. जादूगाराला चिलखत वर्ज्य होतं आणि शस्त्र म्हणून फार तर खंजीर मिळायचा. धर्मोपदेशक जखमा बऱ्या करायचा, पण धारदार शस्त्र उचलू शकत नव्हता. चोर हा क्लास पुढच्या वर्षी आला.

ही बंधनं मुद्दाम घातलेली होती. चार-पाच जण एकत्र खेळणार असतील तर प्रत्येकाला काहीतरी येत नसलं पाहिजे, तरच बाकीच्यांची गरज लागते. क्रिकेटच्या टीममध्ये अकराही जण विकेटकीपर असून चालत नाही, तसंच.

चारच वर्षांत याला उलट उत्तर आलं. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने क्लास काढूनच टाकले. तलवार वापरली की तलवारीचं कौशल्य वाढण्याची संधी मिळते, लपून बसलात की लपण्याचं. जे कराल ते शिकाल, इतका साधा नियम. आजचे आरपीजी या दोन घराण्यांतच विभागलेले आहेत. काही दोघांचं मिश्रण करतात, आणि मिश्रण नीट जमलं नाही की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘ऑब्लिव्हियन’.

उडी मारली म्हणून शत्रू ताकदवान झाले!

बेथेस्डा कंपनीचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ २००६ मध्ये आला. त्यात २१ कौशल्यं आणि २१ तयार क्लास होते. शिवाय स्वतःचा क्लास बनवायची सोय होती. त्यासाठी सात कौशल्यं ‘मुख्य’ म्हणून निवडायची. सुरुवातीच्या भुयारात तुम्ही कसे लढलात हे पाहून गेम एक क्लास सुचवायचाही. भुयाराच्या दारातून बाहेर पडताना निवड बदलायची शेवटची संधी मिळायची. तिथवर सगळं समंजसपणाचंच होतं.

गोची पुढे होती. मुख्य कौशल्यांत मिळून दहा वेळा वाढ झाली की पात्राची लेव्हल वाढायची. आणि तुमची लेव्हल वाढली की जगातले शत्रूही तितकेच तगडे व्हायचे. आता समजा, एखाद्या नव्या खेळाडूने हौसेने धावणं आणि उड्या मारणं ही कौशल्यं मुख्य म्हणून घेतली. तो गावभर पळणार, उड्या मारणार, लेव्हल झपाझप वाढणार. तलवारबाजी मात्र होती तिथेच. मग रस्त्यावरचे साधे दरोडेखोर भारीतलं चिलखत घालून समोर आले की याच्याकडे त्यांना द्यायला उत्तर नाही.

म्हणून जाणकार खेळाडूंनी उफराटा उपाय शोधला. जी कौशल्यं वापरायची आहेत ती मुख्य म्हणून निवडायचीच नाहीत! म्हणजे लेव्हल कधी वाढवायची ते आपल्या हातात राहतं. त्यात प्रत्येक लेव्हलला ताकद, चपळाई अशा गुणांमध्ये जास्तीत जास्त पाचची वाढ मिळवायची तर आधी कोणतं कौशल्य किती वेळा वाढलं याचा हिशोब ठेवावा लागायचा. काही जण ड्रॅगनच्या काळातला गेम खेळताना शेजारी वही-पेन घेऊन बसायचे. योद्ध्याच्या क्लासमध्ये योद्ध्याची कौशल्यं टाळणं शहाणपणाचं ठरत असेल, तर त्या क्लासला काही अर्थ उरत नाही.

क्लास काढले, मग सगळे सुखी झाले का?

२०११ मध्ये याच मालिकेतला ‘स्कायरिम’ आला आणि बेथेस्डाने क्लास पूर्णपणे काढून टाकले. १८ कौशल्यं, सगळी सगळ्यांना खुली. नव्या खेळाडूसाठी हे फारच सोयीचं झालं आणि गेम तुफान चालला.

पण एक गंमत झाली. कुणी जादूगार व्हायचं म्हणून सुरुवात करायचा, कुणी दोन हातांची कुऱ्हाड घेऊन, आणि काही तासांनी दोघंही अंधारात वाकून, धनुष्य ताणून बसलेले असायचे. ‘स्टेल्थ आर्चर’ नावाचा हा प्रकार इतका सार्वत्रिक झाला की त्यावरचे मीम आजही फिरतात. कारण सोपं आहे: लपून मारलेल्या बाणाला कित्येक पट जास्त इजा होते आणि धोका जवळपास नसतो. क्लास कागदावरून गेला तरी गेमच्या गणिताने तो मागच्या दाराने आत आणला. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्येही हेच दिसलं होतं. तिथे क्लास नव्हते, कौशल्यांसाठी एकूण ७०० गुणांची मर्यादा होती. कसेही वाटा म्हटल्यावर मोठ्या संख्येने खेळाडू ‘टँक मेज’ या एकाच साच्याकडे वळले.

आणखी एक किंमत कथेला मोजावी लागते. ‘स्कायरिम’मध्ये जादू जेमतेम येत असली तरी तुम्ही जादूगारांच्या विद्यापीठाचे प्रमुख होऊ शकता. तुम्ही कोण आहात हे त्या जगाला माहीतच नसतं. याच्या उलट २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ पाहा. त्यात १२ क्लास आहेत. बार्ड असाल तर बोलण्यातून सुटायचे वेगळे मार्ग मिळतात. शपथबद्ध पॅलाडिन असाल आणि शपथेविरुद्ध वागलात तर शपथ मोडते आणि एक काळा सरदार तुमच्या छावणीत येऊन उभा राहतो. अशी नाट्यमयता क्लास ठरलेला असेल तरच लिहिता येते.

हजारो लोक एकत्र खेळतात तेव्हा?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये नऊ क्लास घेऊन आला. सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांमध्ये ४० जण एकत्र जायचे. कुणी मार झेलायचा, म्हणजे टँक. कुणी जखमा भरायच्या, म्हणजे हीलर. बाकीच्यांनी शत्रूला झोडपायचं. कोण काय करणार हे क्लासवरून लगेच कळायचं आणि अनोळखी माणसांची टीमसुद्धा उभी राहायची. क्लासचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

तोटाही इथेच कळतो. मार झेलायला आणि इतरांची जबाबदारी घ्यायला फार जण तयार नसतात. मग शत्रूला झोडपणारे रांगेत ताटकळतात. शेवटी २०११ मध्ये कंपनीने ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’ने खास हीलर ही भूमिकाच ठेवली नव्हती. तीन वर्षांनी आलेल्या पुरवणी भागात मात्र जखमा भरणारा ‘ड्रुइड’ आलाच. ‘फायनल फॅन्टसी १४’ने जास्त हुशारी दाखवली. तिथे एकच पात्र सगळे पेशे शिकू शकतं आणि हातातलं शस्त्र बदललं की पेशा बदलतो. आज टँक, उद्या हीलर. पण मोहीम सुरू झाली की ती संपेपर्यंत तीच भूमिका.

मग खरा राग कशाचा?

खेळाडूंच्या तक्रारी नीट पाहिल्या तर बऱ्याच जणांचा राग क्लासवर नसतोच. राग असतो तो चूक दुरुस्त करता येत नाही याचा. २००० सालचा ‘डायब्लो २’ हे त्याचं कडक उदाहरण. क्लास पक्का होताच, पण त्याच्या आतही एकदा खर्च केलेला कौशल्याचा गुण परत मिळायचा नाही. चुकीच्या जागी वीस गुण टाकले तर नवं पात्र बनवून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून कित्येक जण ३० व्या लेव्हलला उघडणाऱ्या कौशल्यांसाठी गुण न वापरता साठवून ठेवायचे. म्हणजे गेमचा सुरुवातीचा भाग मुद्दाम दुबळं राहून खेळायचा. गुण परत वाटून घ्यायची अधिकृत सोय २०१० च्या अपडेटमध्ये आली, दहा वर्षांनी!

आज हा कडकपणा जवळपास संपला आहे. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये छावणीतल्या विदर्स नावाच्या सांगाड्याला १०० सुवर्णमुद्रा दिल्या की अख्खा क्लास बदलून मिळतो, अगदी साथीदारांचासुद्धा. ‘एल्डन रिंग’मध्ये सुरुवातीला दहा क्लास दिसतात, पण त्यावर फक्त पहिलं सामान आणि आकडे ठरतात. योद्धा म्हणून निघालेला माणूस पुढे मंत्र शिकू शकतो. आकडे नव्याने वाटायचे असतील तर त्यासाठी एक दुर्मीळ वस्तू खर्च करावी लागते. सोय आहे, पण फुकट नाही. निवडीला थोडं वजन हवं आणि जन्मठेपही नको, हे गणित इथे बरंच जमलेलं दिसतं. टेबलावर किंवा ऑनलाइन टीममध्ये क्लास पक्का असणं समजण्यासारखं आहे, कारण इतरांचा खेळ तुमच्यावर अवलंबून असतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये मात्र पहिल्या दहा मिनिटांतल्या निवडीची शिक्षा पन्नास तास द्यायला काहीच कारण नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात पुन्हा आला. त्यातले क्लास काढलेले नाहीत. पण आता मुख्य नसलेली कौशल्यंही लेव्हल वाढवायला मदत करतात आणि प्रत्येक लेव्हलला १२ गुण सरळ हातात मिळतात, आवडीप्रमाणे वाटायला. वही-पेनची गरज उरलेली नाही.