पायी चालायची लाज कोणी शिकवली?

एप्रिल जवळ आला की जयंतीच्या बैठका सुरू होतात. मासवणच्या बैठकीत यंदा आम्ही सुचवले, पालघरपर्यंतची रॅली मोटारसायकलऐवजी सायकलवर काढू. पोरे हसली. एकजण म्हणाला, "सायकलवर गेलो तर लोक काय म्हणतील? यांचं अजून तसंच चाललंय म्हणतील." तिथे आम्हाला उत्तर सुचले नाही. आता लिहायला बसलो तर लक्षात येते की अर्धे उत्तर त्या पोराच्याच बाजूचे आहे.

शहरांचे नियोजन करणारे अलीकडे सारखे सांगतात की लोकांनी चालावे, सायकल वापरावी, त्यासाठी मानसिकता बदलावी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य द्या असेच म्हटले होते. बोलणे चुकीचे नाही. पण मानसिकता आभाळातून पडत नाही. तिला इतिहास असतो, आणि आपल्या देशात रस्त्याच्या इतिहासालाही जात आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये पेशव्यांच्या पुण्याची आठवण दिली आहे. अस्पृश्याच्या कमरेला झाडू, पावलांचे ठसे पुसायला. गळ्यात मडके, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. ज्याच्या पावलाचा ठसासुद्धा रस्त्याला चालत नव्हता, त्याच्या पणतवंडाला आज कोणी 'चालणे आरोग्याला चांगले' असे सांगायला आला तर त्याने आधी जरा खाली बसून ऐकावे, असे आम्हाला वाटते.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तिकेत बाबासाहेबांच्या स्वतःच्या दोन प्रवासांची हकीकत आहे. आपल्या पोरांना त्या माहीत असतात, पण फक्त पाण्याच्या आणि अपमानाच्या गोष्टी म्हणून. त्या पुन्हा वाचा, कोण चालले आणि कोण गाडीत बसले एवढेच पाहत.

पहिली १९०१ ची. भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुले खटाव तालुक्यात वडिलांकडे निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळली आणि तो मागे सरला. एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर राजी झाला, पण अट घातली: गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार. पैसे घेऊनही स्वतःच्या गाडीत न बसता हा माणूस चालत निघाला! त्याला चालायची आवड नव्हती. पुढे रात्र पडली, रस्त्यावर कोणी उरले नाही, तेव्हा तोच गाडीवान गाडीत चढून मुलांशेजारी येऊन बसला. मुलांना नवल वाटले, पण विचारायची हिंमत झाली नाही. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे. विटाळ गाडीत असता तर तो अंधारातही असताच. दिवसा बघणारे डोळे होते, रात्री नव्हते.

दुसरी १९२९ ची, चाळीसगावची. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचे म्हणजे त्यांच्या इभ्रतीला कमीपणा, असे आपल्याच लोकांना वाटले. टांगा मिळेना, कारण अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला कमीपणाचे वाटत होते. मग तडजोड झाली, टांगा त्याचा, हाकणारा आपला. त्या माणसाने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. दोनशे पावलांच्या आत मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे पुलावर बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. पाय मोडला. जिथे सहज चालत जाता आले असते तिथे लोकांनी त्यांना उचलून नेले.

चाळीसगावच्या त्या लोकांना आम्ही हसत नाही. ज्यांना कायम चालवले गेले त्यांनी आपल्या माणसासाठी वाहन मागणे यात प्रेम होते. आज कर्जाचे हप्ते भरत मोटारसायकल उडवणाऱ्या पोरातही तेच आहे. पण 'मोठा माणूस चालत नाही' हे माप कोणाचे? आपले नव्हे. टांगेवाल्याचे आणि आपले माप एकच निघाले, त्यातून तो अपघात झाला.

आणि याच दोन घटनांच्या मध्ये १९२७ चे महाड आहे. मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव १९२३ पासून कागदावर पडून होता. २० मार्चला लोक महाडच्या रस्त्यांवरून रांगेने चवदार तळ्याकडे गेले, पायीच. डोळे तेच होते, बघत होते. फरक एवढाच की या वेळी चालणारे त्यांनी बघावे म्हणूनच चालत होते. त्याचा राग म्हणून परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या.

आता आपल्या भागाकडे या. बोईसरला पाळी बदलताना उभे राहून बघा. डबा लावलेल्या सायकली टँकर आणि ट्रकच्या कडेने जीव मुठीत धरून जातात. त्यात आदिवासी आहेत, आपले आहेत, उत्तरेतून आलेले आहेत. त्यांना कोणी सायकलस्वार म्हणत नाही. रविवारी हेल्मेट घालून महागड्या सायकलवर फिरणाऱ्याला म्हणतात. यांनी काही निवडलेले नाही, रिक्षाचे भाडे वाचवले आहे. म्हणून आमचा नियोजनवाल्यांशी वाद आहे: मानसिकतेवर व्याख्यान देण्याआधी या माणसाला कडेची चार फूट जागा आणि रात्रीचे दिवे द्या. चालणाऱ्याच्या जिवाची किंमत रस्त्यावर दिसली तर इभ्रतीचे मापही हळूहळू हलेल. नुसत्या उपदेशाने ते हललेले आम्ही तरी पाहिले नाही.

हे सगळे आम्ही पुढच्या बैठकीत सांगितले, जरा लांबलेच. रॅलीचे अजून पक्के नाही, निम्मे मोटारसायकलवरच अडलेत. तो पोरगा मात्र शेवटी म्हणाला, "सायकल काढू, पण मग आडरस्त्यानं नाही न्यायची. पालघरच्या भर बाजारातून न्यायची."